मेनू बांधण्याआधी आज्ञा बांधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथॉन आणि त्यातले खिडक्या-मेनू बांधण्याचे साधन टीकेइंटर वापरून टिपणे लिहिण्याचा एक डेस्कटॉप प्रोग्राम तयार झाला आहे. मेनूबारवर सहा मेनू असून त्यांत मिळून चाळीसेक बाबी आहेत, आणि त्यांपैकी काही टूलबारवर व उजव्या क्लिकच्या मेनूतही आहेत. ‘जतन करा’ ही बाब मेनूत फिकट झाली तरी टूलबारवरचे तेच बटण ठळक राहते. मेनूत शॉर्टकट लिहिलेला दिसतो, पण दाबल्यावर काही होत नाही. आणि ‘अलीकडच्या फायली’ या यादीतली कोणतीही फाइल निवडली तरी शेवटचीच उघडते. हे दोष एकेक करून काढावेत की सगळा मेनू नव्याने लिहावा, असे विचारले आहे.

माझे मत असे की मेनू नव्याने लिहावा, मात्र तो लिहिण्याआधी त्याच्या खालचा एक थर लिहावा, जो सध्या या प्रोग्राममध्ये नाहीच. आपण मेनूकडे बाबींची यादी म्हणून पाहतो आणि प्रत्येक बाबीला एकेक फंक्शन चिकटवत जातो. बाबी दहा असेपर्यंत ते निभावून जाते. पुढे तीच आज्ञा टूलबारवर येते, मग उजव्या क्लिकवर येते, मग शॉर्टकटवर येते, आणि तिची चार रूपे चार ठिकाणी स्वतंत्रपणे जगू लागतात. ‘जतन करा’ ही एकच गोष्ट आहे, तिची दारे चार आहेत, ही जाणीव कोडमध्ये कुठेही नसते. म्हणून एक दार बंद केले की बाकीची तीन उघडी राहतात.

म्हणून आधी आज्ञा हा एक ऑब्जेक्ट करावा. त्यात आज्ञेचे अंतर्गत नाव, पडद्यावर दिसणारे लेबल, शॉर्टकट, चालवायचे फंक्शन आणि ती सध्या चालू शकते की नाही हे सांगणारी अट, एवढ्या गोष्टी असाव्यात. खिडक्या-मेनू बांधण्याची इतर साधने पाहा: क्यूटीमध्ये हे काम क्यूअ‍ॅक्शन करते, जावाच्या स्विंगमध्ये अ‍ॅक्शन नावाचा इंटरफेस आहे, जीटीकेमध्ये जीअ‍ॅक्शन आहे. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांनी याच रचनेवर यावे, हा काही योगायोग नाही. टीकेइंटरमध्ये मात्र अशी सोय नाही, तेव्हा अशा ऑब्जेक्टचा वर्ग, म्हणजे त्याचा साचा, आपणच लिहावा लागतो. तो लहानसाच असतो. त्यात ‘ठिकाणे’ नावाची एक यादी ठेवावी आणि आज्ञा मेनूत किंवा टूलबारवर लावताना त्या यादीत एक छोटे फंक्शन टाकावे, जे नवी स्थिती घेऊन आपल्या जागेवरची बाब ठळक किंवा फिकट करील. स्थिती बदलली की यादीतल्या प्रत्येक फंक्शनला बोलवायचे. बाकी कोडने बटणाला किंवा मेनूच्या बाबीला थेट हात लावायचा नाही, फक्त आज्ञेशी बोलायचे. एवढी शिस्त पाळली की तुमचा पहिला दोष पुन्हा उद्भवायला जागाच उरत नाही.

इथे टीकेइंटरचा एक खाचखळगा सांगून ठेवतो. मेनूतल्या बाबीला ऑब्जेक्ट नसतो. तिच्यापर्यंत पोहोचायचे ते क्रमांकाने किंवा लेबलाने. लेबल वापरले तर भाषांतर केल्याच्या दिवशी प्रोग्राम मोडतो. शिवाय लेबल हे नमुना म्हणून जुळवले जाते, त्यामुळे त्यात तारांकनचिन्ह किंवा प्रश्नचिन्ह असेल तर भलतीच बाब हाती लागू शकते. क्रमांक वापरला तर मध्ये एखादी बाब घातल्यावर पुढचे सगळे क्रमांक सरकतात. त्यातच मेनू तयार करताना ‘टेअरऑफ’ हा पर्याय शून्य केला नसेल, तर सर्वांत वर एक तुटक रेघ येते आणि शून्य क्रमांक तीच घेऊन बसते. युनिक्सवरच्या जुन्या एक्स-विंडो या खिडक्यांच्या प्रणालीच्या काळात ती रेघ दाबली की मेनू फाटून वेगळी खिडकी व्हायची; आज ते कोणालाही नको असते, म्हणून तो पर्याय प्रोग्रामच्या आरंभीच सगळ्या मेनूंसाठी बंद करावा. नेहमीच्या आज्ञांचा मेनू एकदा बांधला की त्याची रचना चालू प्रोग्राममध्ये बदलू नये, आणि ज्या याद्या खरोखर बदलतात त्यांना स्वतंत्र उपमेनू द्यावा, म्हणजे क्रमांक निर्धोकपणे वापरता येतो.

आता बाब ठळक की फिकट हे ठरवायचे कधी, हा प्रश्न. मेनू उघडण्याच्या क्षणी हे तपासण्याची सोय बहुतेक सगळीकडे आहे: टीकेमध्ये (टीकेइंटर ज्यावर उभे आहे ते मूळ साधन) ‘पोस्टकमांड’, क्यूटीमध्ये ‘अबाउट-टू-शो’ हा सिग्नल, विंडोजच्या मूळ पातळीवर मेनू उघडण्यापूर्वी येणारा एक संदेश. ही पद्धत आकर्षक आहे, कारण सगळ्या अटी एकाच जागी येतात आणि मेनू दिसतो तेव्हा तो नेहमी खरा असतो. पण शॉर्टकट मेनू न उघडताच दाबला जातो, हे विसरले जाते. क्यूटीमध्ये आज्ञा फिकट असेल तर तिचा शॉर्टकटही चालत नाही. त्यामुळे स्थिती केवळ मेनू उघडताना ठरवली असेल, तर वापरणारा मजकूर बदलतो, कंट्रोल-एस दाबतो आणि काहीच होत नाही. तो चकित होऊन मेनू उघडून पाहतो, तोवर बाब ठळक झालेली असते आणि त्यानंतर शॉर्टकटही चालू लागतो. असा दोष सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तपासणारा माणूस पहिल्यांदा मेनूच उघडतो. टीकेमध्ये उलटा प्रकार होतो: तिथे शॉर्टकट आणि मेनूची बाब यांचा एकमेकांशी काही संबंधच नसल्याने बाब फिकट असतानाही शॉर्टकट बिनदिक्कत चालतो. म्हणून मी दोन्ही करतो. मजकूर बदलला, निवड बदलली, फाइल जतन झाली, अशा घटना घडताच आज्ञांची स्थिती ताजी करतो, आणि शिवाय आज्ञा चालवण्याच्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत अट पुन्हा तपासतो. दुसरी तपासणी फाजील वाटते, पण ती एका ओळीची आहे आणि तिने मला अनेकदा वाचवले आहे.

शॉर्टकट दिसतो पण चालत नाही, याचे कारण वरच्या परिच्छेदात अर्धे आलेच आहे. टीकेइंटरमध्ये मेनूच्या बाबीला दिलेला ‘अ‍ॅक्सिलरेटर’ हा निव्वळ उजवीकडे छापायचा मजकूर आहे. कळ दाबल्यावर काही घडावे यासाठी ‘बाइंड’, म्हणजे कळ आणि फंक्शन यांची जोडणी, स्वतंत्रपणे करावे लागते. आज्ञेच्या वर्गाने या दोन्ही गोष्टी एकाच शॉर्टकटवरून तयार कराव्यात, म्हणजे छापलेले एक आणि चालणारे दुसरे असे होणार नाही. कॅप्स लॉक चालू असताना टीकेला लहान ‘एस’ऐवजी मोठा ‘एस’ मिळतो आणि लहान अक्षरावर केलेले बाइंडिंग लागत नाही, याचीही व्यवस्था याच वर्गात करावी.

बाइंडिंग कुठे करायचे यावर मात्र जरा थांबून विचार करावा लागतो. टीकेमध्ये कळ दाबली की घटना आधी त्या विजेटच्या (खिडकीतल्या मजकुराची चौकट, बटण अशा घटकाच्या) स्वतःच्या बाइंडिंगकडे जाते, मग विजेटच्या वर्गाकडे, मग खिडकीकडे आणि शेवटी सर्वसामान्य बाइंडिंगकडे. आपण सहसा बाइंडिंग मुख्य खिडकीवर करतो, म्हणजे आपली पाळी वर्गाच्या नंतर येते. आता टेक्स्ट विजेटच्या वर्गात इमॅक्स या जुन्या मजकूर-संपादकाच्या धर्तीवर काही कळा आधीच बांधलेल्या आहेत, आणि कंट्रोल-ओ दाबल्यावर कर्सरपुढे एक नवी ओळ घालणे ही त्यांतली एक. तुम्ही खिडकीवर कंट्रोल-ओ ला ‘उघडा’ ही आज्ञा बांधली की फाइल निवडण्याचा डायलॉग तर उघडतो, पण त्याआधी टिपणात गुपचूप एक कोरी ओळ शिरलेली असते. वापरणाऱ्याने डायलॉग रद्द केला तरी ती ओळ राहते, टिपण ‘बदललेले’ ठरते आणि बंद करताना ‘बदल जतन करायचे का’ असे विचारले जाते. चिकटवण्याचेही असेच: कंट्रोल-व्ही वर्गात आधीच बांधलेले असताना खिडकीवर पुन्हा बांधले की मजकूर दोनदा उमटतो. पहिल्या प्रकारावर उपाय असा की बाइंडिंग थेट त्या टेक्स्ट विजेटवर करावे आणि फंक्शनने ‘ब्रेक’ हा शब्द परत करावा, म्हणजे घटना वर्गापर्यंत जातच नाही. दुसऱ्या प्रकारात बाइंडिंगच करू नये. मेनूत शॉर्टकट फक्त छापावा आणि मेनूतून निवड झाली तर ज्या विजेटमध्ये कर्सर आहे त्याच्याकडे चिकटवण्याची आभासी घटना, म्हणजे कळीऐवजी कामाच्या नावाने ओळखला जाणारा संकेत, पाठवावी.

हा शेवटचा मुद्दा संपादन मेनूला सर्वत्र लागू आहे. कापणे, कॉपी करणे, चिकटवणे, सर्व निवडणे या आज्ञा प्रोग्रामच्या मालकीच्या नसतात, तर कर्सर ज्या विजेटमध्ये आहे त्याच्या मालकीच्या असतात. मॅकवर यासाठी प्रतिसाद देणाऱ्यांची एक साखळीच आहे: मेनूची बाब कोणा एकाला उद्देशून नसते, ती साखळीतून वर सरकत जाते आणि जो प्रथम ‘मी करतो’ म्हणेल तो ती करतो. इतर ठिकाणी ही साखळी आपल्याला हाताने करावी लागते. एका चित्रकामाच्या प्रोग्रामवर काम करत असताना आम्ही ‘डिलीट’ ही एकटी कळ संपूर्ण खिडकीसाठी ‘निवडलेली आकृती पुसा’ या आज्ञेला बांधली होती. आकृतीचे नाव बदलायच्या लहानशा चौकटीत एखादे अक्षर खोडायला कोणी डिलीट दाबले की नावातले अक्षर तसेच राहायचे आणि आकृतीच नाहीशी व्हायची. आमच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात आले नाही, कारण आम्ही सगळे खोडायला बॅकस्पेस वापरणारे होतो. कंट्रोलसारखी जोडकळ नसलेला शॉर्टकट खिडकीच्या पातळीवर बांधू नये, तो त्या कॅनव्हासपुरता, म्हणजे चित्र काढायच्या जागेपुरता, ठेवावा, हे त्या दिवसापासून मी कधी विसरलो नाही.

शॉर्टकट निवडताना नवलाई टाळावी. विंडोजवर ‘पुन्हा करा’साठी कंट्रोल-वाय रुळलेले आहे, मॅकवर शिफ्ट-कमांड-झेड. क्यूटीमध्ये प्रमाणित कळांची एक यादीच आहे. ‘पुन्हा करा’ एवढे सांगितले की ते त्या त्या प्रणालीची कळ स्वतः निवडते. ऑल्ट आणि एक अक्षर ही जोडी शॉर्टकट म्हणून वापरू नये, कारण विंडोजवर ती मेनू उघडण्यासाठी असते. कंट्रोल-ऑल्ट आणि अक्षर हेही टाळावे, कारण तिथे ही जोडी ऑल्ट-जीआर या कळीशी समान मानली जाते आणि अनेक युरोपीय कळफलकांवर तिने नेहमीची अक्षरे टंकली जातात; तुमचा शॉर्टकट कोणाच्या तरी लिहिण्यात अडथळा होऊन बसेल.

तिसरा दोष, म्हणजे यादीतली शेवटचीच फाइल उघडणे, हा मेनूचा नसून पायथॉनचा आहे. लूपमध्ये प्रत्येक फाइलसाठी लॅम्डा, म्हणजे बिननावाचे छोटे फंक्शन, लिहिला जातो आणि त्यात लूपचा व्हेरिएबल वापरला जातो. लॅम्डा त्या व्हेरिएबलची त्या वेळची किंमत साठवत नाही, व्हेरिएबलच लक्षात ठेवतो. लूप संपेपर्यंत त्यात शेवटच्या फाइलचे नाव येऊन बसलेले असते आणि सगळे लॅम्डा चालताना तेच नाव वाचतात. फाइलचे नाव लॅम्डाच्या डीफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये पकडून ठेवले की काम होते. याचाच चुलतभाऊ म्हणावा असा दोष म्हणजे ‘कमांड’ला फंक्शन देताना त्यापुढे कंस लिहिणे: मग फंक्शन मेनू बांधतानाच एकदा चालते आणि नंतर क्लिक केल्यावर काहीच होत नाही.

याच यादीत आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी, कारण पुढेमागे क्यूटीकडे गेलात तर ती नक्की आडवी येईल. विंडोजच्या मूळ मेनूत आणि क्यूटीत लेबलामधले ‘अँड’चे चिन्ह त्यापुढच्या अक्षराखाली रेघ ओढण्यासाठी वापरले जाते; जीटीकेमध्ये तेच काम अधोरेखेचे चिन्ह करते. फाइलच्या नावातच ते चिन्ह असेल तर ते गिळले जाते आणि यादीत चुकीचे नाव दिसते. म्हणून बाहेरून आलेले कोणतेही नाव लेबलात टाकण्यापूर्वी त्यातले हे चिन्ह दुहेरी करावे. टीकेमध्ये अधोरेखित अक्षर क्रमांकाने सांगायचे असल्याने ही अडचण येत नाही.

अधोरेखित अक्षरांचा विषय निघालाच आहे, तर मराठी लेबलांबद्दल एक सूचना करतो. मराठी शब्दातल्या अक्षराखाली रेघ ओढली तर ती दाबण्यासाठी कळफलक त्या क्षणी मराठीवर असावा लागेल, आणि जोडाक्षर किंवा मात्रा असेल तर नेमके काय दाबायचे हेच कळत नाही. विंडोजवरच्या जपानी प्रोग्रामांनी हा पेच लेबलानंतर कंसात एक रोमन अक्षर लिहून आणि त्याखाली रेघ ओढून सोडवला आहे. ते फार देखणे नाही, पण कळफलक न बदलता मेनू चालवता येतो. माझ्या मते मराठी प्रोग्रामांनीही तोच मार्ग धरावा.

लेबलांविषयी इतर नियम थोडे आहेत. क्रियापद असावे: ‘निर्यात’पेक्षा ‘निर्यात करा’. बाब निवडल्यावर काम पूर्ण होण्यासाठी आणखी माहिती विचारली जाणार असेल तर लेबलाच्या शेवटी तीन टिंबे द्यावीत. नुसती खिडकी उघडते म्हणून देऊ नयेत, म्हणून ‘या प्रोग्रामविषयी’ पुढे टिंबे नसतात. चालू-बंद होणाऱ्या बाबीला टिकची खूण द्यावी किंवा लेबल बदलावे, दोन्ही एकदम करू नये: ‘टूलबार लपवा’च्या मागे टिक दिसली तर टूलबार आता लपलेला आहे की दिसतो आहे हे कोणीही सांगू शकणार नाही. ‘पूर्ववत करा’ला मात्र बदलते लेबल शोभते. ‘पूर्ववत करा: परिच्छेद खोडणे’ असे दिसले की वापरणारा आधी वाचून मगच दाबतो.

ज्या बाबी आत्ता चालत नाहीत त्या लपवाव्यात की फिकट कराव्यात, यावर माझे उत्तर मेनूबारपुरते ठाम आहे: फिकट कराव्यात. माणूस बाबीची जागा लक्षात ठेवतो, वाचत बसत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये क्वचित वापरल्या जाणाऱ्या बाबी आपोआप दडवणारे मेनू आणले होते. नेहमीच्या जागेवर बाब न सापडल्याने लोक वैतागले, आणि ऑफिस २००७ मध्ये मुख्य प्रोग्रामांतून मेनूबारच जाऊन रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आले. उजव्या क्लिकच्या मेनूचा न्याय वेगळा आहे. तो ज्या वस्तूवर उघडला तिच्यापुरताच असतो, त्यामुळे तिला लागू नसलेल्या बाबी तिथे असूच नयेत. मात्र केवळ तिथेच सापडेल अशी एकही आज्ञा ठेवू नये, आणि तो मेनू माऊसशिवाय, म्हणजे शिफ्ट-एफ१० नेही उघडला पाहिजे. टीकेच्या ८.६ आवृत्तीत मॅकवर उजव्या बटणाचा क्रमांक दोन आणि इतरत्र तीन असतो, हेही ध्यानात ठेवावे.

एका मेनूत किती बाबी असाव्यात असे विचारले की कोणीतरी हमखास ‘सात, अधिक-उणे दोन’ सांगतो. जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा तो लेख तात्कालिक स्मरणाबद्दल आहे. मेनू पाठ करायचा नसतो, तो डोळ्यांपुढे असतो. पंधरा बाबी रेघांनी नीट गटांत विभागल्या तर सहज वाचता येतात. खरा त्रास उपमेनूंचा असतो. उपमेनू उघडला की माऊस तिरका नेण्याकडे हात वळतो, वाटेत खालच्या बाबीवरून जातो आणि उपमेनू मिटतो. हे होऊ नये म्हणून विंडोज उपमेनू उघडण्या-मिटण्यापूर्वी काही क्षण थांबते, आणि हा विलंब मुळात ४०० मिलिसेकंदांचा असतो. एक पातळी चालते. उपमेनूतून पुन्हा उपमेनू निघत असेल तर त्या बाबींना मेनूऐवजी डायलॉग द्यावा.

मॅकवरही प्रोग्राम चालवायचा असेल तर मेनू जशाच्या तशा नेता येत नाहीत. तिथे मेनूबार खिडकीत नसून पडद्याच्या वरच्या कडेला असतो, आणि ‘या प्रोग्रामविषयी’, ‘सेटिंग्ज’, ‘बाहेर पडा’ या बाबी प्रोग्रामच्या नावाच्या मेनूत जातात. क्यूटी या बाबी लेबलातल्या इंग्रजी शब्दांवरून ओळखून आपोआप हलवते, म्हणून लेबले मराठी असतील तर प्रत्येक आज्ञेची भूमिका स्पष्टपणे सांगावी लागते. टीकेइंटरमध्ये ‘अ‍ॅपल’ हे अंतर्गत नाव दिलेला मेनू आधी जोडावा लागतो.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम. आज रात्री सगळ्या चाळीस बाबी हलवू नका. आधी आज्ञेचा वर्ग लिहा आणि त्यावर फक्त ‘जतन करा’ आणा: मेनू, टूलबार, उजवा क्लिक आणि शॉर्टकट, चारही दारांसह. मग माऊस बाजूला ठेवा, प्रोग्राम सुरू करा, मेनू एकदाही न उघडता एक अक्षर टंका आणि कॅप्स लॉक चालू करून कंट्रोल-एस दाबा. फाइल जतन झाली, त्यानंतर तिन्ही ठिकाणी बाब फिकट झाली आणि पुढचे अक्षर टंकताच तिन्ही ठिकाणी पुन्हा ठळक झाली, तर उरलेल्या एकोणचाळीस बाबी त्याच साच्यात टाकायला घ्या.